वीस जागा आणि एक फ्रिज

...नाही, पण मला एक सांगा, घर कसं चालवायचं हे शिकायला कॉलेज लागतं? हसा, हसा! मीही हसलो होतो. पोरीचा निकाल लागला, मार्क बरे पडले, म्हणून मी मोठ्या मनाने म्हटलं, "बारके, बोल, काय व्हायचंय?" बारकी म्हणजे आमची धाकटी, उंचीने माझ्या डोक्यावर गेली तरी बारकीच. तर ती शांतपणे म्हणते, "बाबा, मला कुटुंब आणि ग्राहक अर्थशास्त्र शिकायचंय." ...काय? "कुटुंब आणि ग्राहक अर्थशास्त्र." अगं पण ते असतं काय? तर म्हणे, "घरात पैसा येतो कसा, जातो कुठे, माणूस नको ती वस्तू का घेतो, आणि दुकानदार त्याला ती कशी घ्यायला लावतो, हे सगळं शिकवतात."

आता तुम्हाला सांगतो, मी विजेच्या वस्तूंच्या दुकानात बावीस वर्षं विक्रेता आहे. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन. नको ती वस्तू कशी घ्यायला लावतात हे शिकायला हिला फी भरून कॉलेजात जायचंय! अगं, बाप काय मेलाय? घरबसल्या शिकवतो, फुकट! गिऱ्हाईक ओळखावं तर मी! माणूस दारातून आत आला की नुसत्या चपलांवरून सांगतो, हा घेणार, हा हवा खाऊन जाणार. जोडपं आलं आणि बाई सरळ किमतीच्या चिठ्ठीकडे वळली, की मी बाईशी बोलतच नाही, साहेबांना म्हणतो, "साहेब, तुमच्यासारख्यांना लहान मॉडेल दाखवायला मलाच बरं वाटत नाही." झालं! साहेब छाती काढून मोठ्या मॉडेलपुढे उभे!

हे मी बारकीला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाबा, हेच. हेच शिकवतात." आणि आमच्या सौ. आतून म्हणाल्या, "अहो, शिकू द्या की तिला. तुम्हाला विषय कळला नाही म्हणून तो वाईट होत नाही." घ्या! दोघी एका बाजूला, मी एकटा.

बरं, म्हटलं शीक. पण शिकवतात कुठे? आणि आपल्याला परवडेल अशा फीत? आमच्याकडे कॉलेजसाठी बाजूला काढलेले पैसे होते, होते म्हणजे एकदाच पुरतील इतके. चुकलं तर दुसऱ्यांदा नाही. म्हणून बारकीने एक वही केली. माझ्यासारखा माणूस कॉलेज बघायला गेला तर काय बघेल? इमारत! हिच्या वहीत चार प्रश्न. शेवटच्या परीक्षेपर्यंत मिळून एकूण खर्च किती? शिकवणार कोण? सुरुवात किती जणांनी केली आणि पुरं किती जणांनी केलं? आणि जे पुरं करून गेले ते आता काय करतात? मी म्हटलं, "बारके, असं तोंडावर विचारतात का? चिडतील ते." तर म्हणे, "चिडले तर तेही लिहून घेईन."

पहिलं कॉलेज... अहाहा! काय ते कॉलेज! सगळी काच. पुढे कारंजं. आत गेल्या गेल्या गार हवा, मऊ खुर्ची, हातात कॉफी, आणि समोर एक कोटवाला, इतका गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. "या सर! सर, तुमच्यासारखे जागरूक पालक फार कमी सर!" बारकीने वही उघडली. "शिकवणार कोण?" कोटवाला म्हणतो, "मॅडम, आमच्याकडे पोहण्याचा तलाव आहे." "हो, पण किती जणांनी पुरं केलं?" "मॅडम, व्यायामशाळा चोवीस तास उघडी." मग बारकी म्हणाली, मी जरा ग्रंथालय बघून येते, आणि गेली. ती गेली तसा हा माझ्याकडे झुकला. "सर, खरं सांगू का? या विषयाच्या दोनच जागा उरल्यात. आणि ही सवलत फक्त आज संध्याकाळपर्यंत. तुमच्यासारख्यांना साधं कॉलेज दाखवायला मलाच बरं वाटत नाही."

आता तुम्हाला सांगतो... वाक्य ओळखीचं वाटलं ना? माझंच वाक्य! फक्त आजच, दोनच उरलेत, हे मी दिवसातून दहा वेळा म्हणतो, मागे गोदामात तीस पडलेले असतात! आणि तरी... कसं झालं मला विचारू नका... कॉफी गरम, खुर्ची मऊ, तो इतक्यांदा सर म्हणाला, दुकानात मला कोणी सर म्हणत नाही हो... मी एका महिन्याचा अख्खा पगार जागा राखून ठेवायला भरून टाकला! गिऱ्हाईक ओळखावं तर मी! आणि त्याने मला दारातच ओळखलं, बहुतेक चपलांवरून.

बारकी परत आली. "बाबा, ग्रंथपाल म्हणतात या विषयाची पुस्तकं अजून यायचीत. शिक्षकसुद्धा यायचेत." तिने माझ्या हातातली पावती घेतली, उलटी केली. बघा हं, मी बावीस वर्षं पावत्या देतोय, मागे बारीक अक्षरात काय असतं ते मला पाठ आहे: भरलेली रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "चल बाबा, बस चुकेल."

दुसरं कॉलेज स्वस्त. इतकं स्वस्त, की मलाच शंका आली. चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर एक खोली, एक टेबल, एक गृहस्थ. "वर्गात यायची गरज नाही. पुस्तकं घरी येतील." "आणि परीक्षा?" "तीही घरीच." "आणि शंका आली तर?" गृहस्थांनी जरा विचार केला. "आजवर कुणाला आली नाही." मला तर पटलं होतं! पण बारकी जिना उतरताना म्हणाली, "बाबा, स्वस्त आणि परवडणारं यात फरक असतो. जे घेऊन उपयोग नाही ते फुकट मिळालं तरी महागच." तेव्हा मला कळलं नाही ती कशाबद्दल बोलतेय.

मग हिने काय केलं? या विषयाच्या जुन्या विद्यार्थिनी शोधून त्यांना फोन लावत बसली. एक कुठेशी ग्राहकांच्या तक्रारी सोडवते, एक दवाखान्यात पेशंटच्या घरच्यांना खर्च कसा बसवायचा ते सांगते. दोघींनी शिकवणाऱ्या एकाच बाईंचं नाव घेतलं. म्हणून आम्ही तिसरं कॉलेज बघायला गेलो. रंग उडालेला, पंखा कुरकुरणारा, खुर्ची अशी की बसल्यावर आपणच तिला सांभाळायचं. पण एका खोलीत लांब टेबल, त्यावर मिक्सर उघडून ठेवलेले, पोरंपोरी कुठला किती वीज खातो ते मोजतायत. शनिवारी म्हणे आजूबाजूची माणसं आपली बिलं, करारपत्रं घेऊन येतात आणि ही मुलं त्यांना समजावून सांगतात. फी काचेच्या कॉलेजच्या एक तृतीयांश. आणि चारही प्रश्नांची उत्तरं कारकुनाने छापील कागदावर दिली, न चिडता! कोणी सर म्हणालं नाही, कॉफी नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं. फक्त एक अडचण. जागा वीस, अर्ज दोनशे, आणि मुलाखत.

मुलाखतीला त्याच बाई. पांढरे केस, चष्मा, आवाज मऊ. "पालक बसले तरी चालेल." बसलो. बाईंनी विचारलं, "हाच विषय का?" मला वाटलं, पोरगी आता देश, समाज, असं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "एका बाईंना छोटा फ्रिज हवा होता. घरात माणसं दोन. विक्रेत्याने त्यांना दोन दरवाजांचा मोठा विकला. तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून बाहेरच्या खोलीत ठेवला. महिन्याने विजेचं बिल आलं, तेव्हा त्यांनी तो बंद केला. आता त्यात कपडे ठेवतात. भाजीच्या कप्प्यात मोजे. अंड्यांच्या जागी दोऱ्याची रिळं. मी लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे जायचे, तेव्हा माझा फ्रॉक फ्रिजमधून निघायचा. मी विचारायचे, हा थंड का नाही? तर त्या म्हणायच्या, 'दादाने दिलाय, चांगलाच असणार.'"

...काय झालं? कळलं ना? त्या फ्रिजवाल्या बाई म्हणजे माझी सख्खी बहीण. बारकीची आत्या.

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो. बाईंनी विचारलं, "आणि तो विक्रेता? फसवणारा होता?" पंखा कुरकुरतोय. बारकी म्हणाली, "नाही बाई. फार चांगला माणूस आहे. त्याची महिनाअखेर होती, विक्रीच्या ठरलेल्या आकड्यात एक फ्रिज कमी पडत होता. घरी माझी शाळेची फी भरायची होती. म्हणून तर मला शिकायचंय. दोन्ही माणसं चांगली असताना असं कसं होतं, ते."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मला रडू आलं हो. सरळ सांगतो, मला रडू आलं.

यादी लागली. वीस जागांत सतरावी! आता ती जाते रोज, डबा घेऊन, त्याच मोडक्या खुर्चीवर बसायला. आणि माझी काय गत झाली ते ऐका. परवा जोडपं आलं. बाई किमतीच्या चिठ्ठीकडे वळली. मी नेहमीसारखा साहेबांकडे वळलो, तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? "घरात माणसं किती?" लहान मॉडेल घेऊन गेले! मालक माझ्याजवळ आले, म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

शेवटी रविवारी गेलो बहिणीकडे. म्हटलं, झालं ते झालं, हे धूड घेऊन जातो, लहान नवा देतो, पैसे माझे. टेम्पो, दोन हमाल, सगळं बरोबर नेलं. तिने फ्रिजपुढे दोन्ही हात पसरले. "दादा, हात लावायचा नाही!" अगं पण का? "अरे, किडा नाही, वाळवी नाही, धूळ नाही, दार कसं घट्ट बसतं! असं कपाट मला परत कुठे मिळायचं?"

टेम्पोचं जाण्यायेण्याचं भाडं भरून रिकाम्या हाताने परत आलो. गिऱ्हाईक ओळखावं तर मी! बावीस वर्षांत हजारो वस्तू विकल्या, आणि शंभर टक्के समाधानी गिऱ्हाईक मिळालं ते एकच... तिला मी कपाट विकलंय.