ते तिसरं अक्षर

(सन १९३४च्या सुमाराची गोष्ट. आगरदांड्याजवळचा कोळीवाडा. दिवाळी होऊन गेली तरी वारा भरलेला. ओट्यावर कोळशाने तीन इंग्रजी अक्षरं काढलेली: आय, एन, के.)

नलू : थांबलात का भावजी? बोलत ऱ्हावा. तुमी गप बसलात की मला वारा ऐकू येतो.

सदा : बरं. हे पेपरातलं शब्दकोडं, वैनी. आमच्या छापखान्यात सगळ्यांना याचं वेड लागलंय. चार घरं आहेत. मागची तीन भरली. पहिल्या घरात एकेक अक्षर घालून बघायचं, शब्द होतो का. नुसतं ‘इंक’ म्हणजे शाई. वाच बघू.

नलू : आय. एन. आन ते तिसरं.

सदा : तिसरं काय?

नलू : ते. काठीला टेकून पाय पसरलेलं.

सदा : त्याला नाव आहे. सकाळपासून सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

नलू : नाव ठाऊक हाय मला. तुमच्या दादाचं नाव कशावरनं सुरू होतं?

सदा : कान्हा. के... अरे देवा! इंग्रजीतसुद्धा नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही?

नलू : हसा. परवा दर्यात गेलेला माणूस अजून आला न्हाय, आन मी इथं बसून त्याचं नाव घेऊ? सगळं न्हाय, आन अर्धंबी न्हाय.

सदा : नको घेऊस. पी लाव. पिंक. गुलाबी.

नलू : माझ्या चोळीचा रंग. पुढं?

सदा : एल लाव. लिंक. म्हणजे साखळीची कडी.

नलू : नांगराच्या साखळीची?

सदा : तीसुद्धा.

नलू : नांगर टाकला असंल ना हो त्यांनी? दिघीच्या आडोशाला?

सदा : टाकला असणारच. दादा काय आजचा तांडेल आहे? इतकी वर्षं होडी चालवतोय. डब्ल्यू लाव. विंक. डोळा मारणं.

नलू : शोभतं का भावजी, वैनीला असलं शिकवणं? मग कोड्यात ह्यातला कंचा बसतो?

सदा : एकही नाही.

नलू : का? खूण काय दिलीया?

सदा : जहाजाचं काहीतरी आहे. छपाई पुसट आलीय.

नलू : छापखान्यातल्या माणसाला छापलेलं दिसत न्हाय व्हय? तुमच्या नावाचं लावून बघा. एस.

सदा : अर्थ लागत नाही.

नलू : गुलाबीला अर्थ, साखळीला अर्थ, डोळा मारायलाबी अर्थ. आन तुमच्याच अक्षराला न्हाय?

सदा : सोड ना वैनी. दुसरं कोडं घेऊ.

नलू : तुमचा चेहरा उतरला, तवाच कळलं. होडी दर्यात असताना आपल्या घरात जो शब्द कुणी उच्चारत न्हाय, तोच ना?

सदा : इंग्रजी आहे ते. दर्याला इंग्रजी कुठून कळायला?

नलू : साहेबाच्या आगबोटी त्याच्याच अंगावरनं जातात. ऐकून ऐकून शिकला असंल.

सदा : मी लिहिला नाही तो. हे बघ, घर रिकामं आहे.

नलू : मनात तर आणलात.

सदा : मनातून तो जातच नाही! मुंबईत बर्फातली मासळी खाऊन जीभ मेली, ताजा हलवा पाहिजे, असं कोण म्हणालं? दादा आभाळाकडे बघून नको म्हणत होता. मीच हिणवलं त्याला, म्हातारा झालास म्हणून.

नलू : ऐकलं मी तवा. चुलीपाशीच होते.

सदा : मग बोल ना मला काहीतरी.

नलू : लई राग हाय मला तुमचा. पण ते आल्यावर काढीन. आज काढला तर ते यायचेच न्हाईत, असं मीच ठरवल्यासारखं व्हईल.

सदा : वैनी...

नलू : मला येक सांगा. आपल्यात बांगडी फुटली म्हणत न्हाईत, वाढवली म्हणतात. होडीलाबी आत्या तसंच म्हणतात. साहेबाच्यात असं काय न्हाय?

सदा : माझ्या तरी ऐकण्यात नाही. जे झालं ते म्हणून मोकळे होतात.

नलू : भ्या वाटत न्हाय त्यास्नी?

ठमाबाई : नले! अगो नले! सदू!

सदा : आये आली धक्क्यावरनं. आये, पळू नकोस, पडशील!

नलू : आत्या, कोण आलं?

ठमाबाई : बुधाजीची होडी लागली.

नलू : आन आपली?

ठमाबाई : दम... दम घेऊ दे गो मला.

नलू : आत्या, आपली?

ठमाबाई : आपली होडी वाढवली, पोरी.

नलू : आन माणसं?

ठमाबाई : बुधाजीनं दोर टाकून येकेकाला वर घेतला. सगळी हायत.

नलू : ते?

ठमाबाई : येतोय. गुडघे सोललेत, आवाज बसलाय, पण आपल्या पायानं येतोय. बसतेस काय? पाणी तापव.

सदा : आये, माझ्याबद्दल काही बोलला दादा?

ठमाबाई : पयलं तुझंच काढलंन. म्हणतो, सदूला सांग, हलवा न्हाय मिळाला.

सदा : आये गं...

ठमाबाई : आता रडू नको बापयासारखा बापय. होडी परत बांधू, हात हायत ना सगळ्यांचे. आन ह्ये काय काळं करून ठेवलाव ओट्यावर? त्याचा पाय पडंल. पुसून टाक आधी.

सदा : पुसतो.

नलू : पुसा भावजी. ते तिसरं तेवढं राहू द्या.