घाटाचं ब्रेक ऑईल

मुकुंदवाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात शाइस्ता वायपरसाठी थांबली होती. तिच्यापुढं एक म्हातारबा आणि त्यांची लेक दुकानदाराशी बोलत होते.

"सगळ्यात भारी ब्रेक ऑईल द्या."

"गाडी कसली, काका?"

"साधीच. घरची."

"मग डॉट फोर घ्या. तुमच्या गाडीत ऑईलच्या झाकणावर तेच लिहिलेलं असंल."

"त्याच्याहून भारी नाय का?"

"हाय, पण ते रेसच्या गाड्यांना लागतं."

"घाट हाय ना पण. दौलताबादचा. हिची बदली झाली वेरूळला. रोज एकटी जाणार."

"आबा, तुम्ही गाडी चालवायचात तेव्हा कधी बदललं होतं का ऑईल?"

"तवा मी चालवत होतो."

"काका, घाटालाबी डॉट फोर बास. फक्त बाटली सीलबंद घ्या आणि दोन वर्षांनी बदला."

"वर्षानं बदलू."

शाइस्ताचे वायपर कधीच काउंटरवर आले होते. ती तिथंच उभी राहिली.

"झालं ना ऑईल? आता चावी द्या, आबा."

"आधी गॅरेजात बदलून घेऊ. मंग एकदा घाट उतरून बघू."

"मीच चालवणार."

"व्हय, चालव की. मी मागं बसतो."

"मागं कशाला?"

"पुढं बसलो की माझाच पाय ब्रेक दाबायला जातो."