दोन बटणं

परळच्या दवाखान्यात सुमती नंबरची वाट बघत होती. शेजारी लकव्यातून सावरणारे एक अनोळखी अप्पा आपल्या लेकीबरोबर एक्स-रे काढून येऊन बसले होते आणि एकाच हाताने शर्टाची बटणं लावत होते.

“अप्पा, मी लावते ना,” लेक म्हणाली.

“नको. माझं मी लावतो.”

“आता आपलाच नंबर आहे.”

“बालवाडीत असताना तू बूट स्वतःच घालायचीस. हात लावू द्यायची नाहीस.”

“मग तुम्ही ओरडायचात?”

“छे गं. दारात उभा राहायचो. तिकडे गिरणीचा भोंगा वाजायचा, माझा खाडा पडायचा.”

“कधी बोलला नाहीत ते!”

“बूट घातल्यावर तू काय हसायचीस! खाड्याचं कोण बोलतंय?”

आतून अप्पांचं नाव पुकारलं. दोन बटणं अजून राहिली होती.

“ताई, आधी तुम्ही जाता का?” लेक सुमतीला म्हणाली. “आम्हाला वेळ आहे.”