मुठीतल्या अक्षता

कुवेतमध्ये शुक्रवारच्या व्रताचं सगळं सामान मिळायचं हो, कहाणी ऐकायला माणूस तेवढं नसायचं. हे शुऐबाच्या रिफायनरीत ड्यूटीवर. शेवटी शेजारच्या फिलिपिनो लिझाला बोलावलं, कहाणी संपेपर्यंत धरायला मुठीत अक्षता दिल्या आणि मोडक्या इंग्रजीत सांगितली. तिनं भक्तिभावानं अक्षता वाहिल्या.

मग कादंबरी घेऊन आली. "सिस्टर, आता माझी ऐका." आधी माझ्या मुठीत तांदूळ ठेवले, मग वाचू लागली. तिच्या देशातल्या कुणा तरुण लेखिकेची नायिका परदेशात एकटी, टीव्हीवरच्या मालिकांशी बोलणारी, खोलीत एकटीच कराओके गाणारी.

"घरी पोचते का गं ती?"

"नेक्स्ट फ्रायडे," म्हणत तिनं पुस्तक मिटलं.

अर्ध्या कहाणीच्या अक्षता वाहू कशा? पदराच्या गाठीत बांधून ठेवल्या.