नाल्याअलीकडच्या तारा

विश्वास कुणावर ठेवायचा, तुम्हीच सांगा मॅडम — तुमच्या महापालिकेच्या सर्व्हेवर, त्या मोठ्या नेट कंपनीवर, का नाल्यापलीकडच्या कादरभाईंवर? बसा, चहा सांगितलाय, खांब काय पळून जात नाहीत. नेटच्या तारा खांबावरनं उतरवा, जमिनीखालच्या पाइपातनं न्या म्हणता — बरोबर आहे, आमचं पिंपळे गुरव वर बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यागत दिसतं. पण पाइपात जागा किती? एक कंपनीला, आणि एक मी नि कादरभाई, आम्हा दोघा केबलवाल्यांतल्या एकाला — ज्याच्या चालू तारा जास्त, त्याला. राहिला त्यानं काय करायचं? कंपनीचा टी-शर्ट घालून स्वतःच्याच गिऱ्हाइकाच्या दारात वसुलीला जायचं, दुसरं काय.

कादरभाई माणूस सोन्यासारखा, बरं का. केबल टीव्हीच्या काळापासून आमचं ठरलेलं — नाल्याअलीकडं मी, पलीकडं ते. मागं आमच्या गल्लीतल्या भिमाबाईंचं नेट आठवडाभर बंद, नातीची परीक्षा ऑनलाइन, बाई चिडून गेल्या कादरभाईंकडं. त्यांनी चहा पाजला आणि माझ्याकडंच परत धाडल्या. हसलो होतो आम्ही. आता आमचं पुढं काय, ते विचारायला मी कंपनीच्या इथल्या ऑफिसात गेलो की मुंबईला विचारा म्हणतात, मुंबई म्हणते इथल्या ऑफिसात जा — आणि चहासुद्धा कुणी पाजत नाही.

हा खांबावरचा तारांचा जुडगा? चालूच आहे. सगळा चालू, लिहा ना. आता तिसरा कुणी गल्लीत शिरू नये म्हणून खांब भरलेला दिसावा लागतो, एवढंच — म्हणजे, करतात धंद्यात असं. कादरभाई करतात. त्यांच्या खांबांवर निम्म्या तारा नुसत्या टांगलेल्या, टोकाला काही नाही. मला कसं माहीत? अहो, भंगारातनं एकाच टेम्पोत तर आणल्या आम्ही —

नका ओढू, मॅडम.

आली ना तार हातात. ठेवा खाली, हात काळे होतील. त्यांचं मी बोलायचं नाही, माझं त्यांनी बोलायचं नाही, हेही ठरलेलंच होतं — आणि बघा, चहा यायच्या आत मीच बोललो. लिहा, बंद तार. पण पलीकडं जाल तेव्हा तिथंही अशीच ओढून बघा. हिशोब दोघांचाही खरा ठेवा. चहा राहू द्या आता, तुम्हाला उशीर होतोय.