बहिरा म्हणून आणलेला बीगल

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसलो होतो. समोर म्हातारा मर्ल, पायाशी नवा बीगल कुत्रा. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं त्याला विचारलं,

“काय झालंय याला?”

“बहिरा दिसतोय. औषधांच्या प्रयोगशाळेतनं सुटलेला आहे. महिनाभर घरात आहे, पण कुठल्याही नावानं हाक मारा, ढिम्म हलत नाही.”

“कान बघू.”

“आत नंबर गोंदलाय. तेच नाव म्हणे तिथं.”

“कागदावर तेच.” मग ती हळूच म्हणाली, “बटन?”

कुत्रा ताडकन उठला आणि शेपूट हलवत तिच्याकडे गेला.

“अरेच्चा! तुम्हाला कसं ठाऊक?”

“मीच ठेवलं होतं. प्रयोगशाळेत कुत्र्यांना नाव द्यायला मनाई होती, म्हणून कानात सांगायचे.”

“म्हणजे याला टोचणाऱ्यांतल्या तुम्ही!”

“हो. रोज सकाळी रक्त मीच काढायचे.”

“तरी लाडात आलाय बघा! माझ्याकडे कधी असा आला नाही. आणि हे काय, हात मिळवतोय की!”

“हात नाही मिळवत, काका.”

तिनं त्याचा पुढे आलेला पाय अलगद खाली ठेवला.

“आज सुई नाही रे, बटन.”

त्यानं पाय पुन्हा पुढे केला.