लाईन बंद आहे, उतर

पुरवणी जबाब
दिनांक १७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.१० वाजता

नाव ललिता बुधा वाघमारे, वय ३४ वर्षे, धंदा सोसायटीत झाडलोट, शिक्षण सातवी पास, राहणार कातकरवाडी, विचुंबे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. स्वतःचा फोन नाही.

मी वर लिहिलेली बाई, कोणी बोलावले नसताना आपल्या पायाने ठाण्यात येऊन सांगते की, माझा पहिला जबाब दि. १३ रोजी दवाखान्यात घेतला गेला. त्यात माझ्या तोंडचे एक वाक्य आहे. "दीपेश शेठ लाईन बंद आहे म्हणाले, पण लाईन चालू होती." हे वाक्य माझेच आहे. मी ते नाकारत नाही. पण त्याच वाक्यावरून आता मला खोटारडी ठरवले आहे, म्हणून हा दुसरा जबाब. यात लाईन हा शब्द आला की कोणती लाईन ते कळेल असे लिहावे, ही माझी अट आहे. जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस शिपाई भावना मॅडम यांनी ती मान्य केली आहे.

विचुंबे येथील तुळसाई रेसिडेन्सी या सात मजली सोसायटीत मी चार वर्षे जिने आणि लिफ्ट पुसते. माझे पती बुधा तिथेच पडेल ते काम करतात. दीपेश शेठ हे सोसायटीचे मॅनेजर आहेत. हेतल मॅडम सेक्रेटरी आहेत. पगारी प्लंबर आणि वायरमन दोन्ही सोसायटीने बंद केले, तेव्हापासून दोघांचे काम बुधाकडे आले. बुधाला त्यातले कोणी काही शिकवलेले नाही.

दि. १२ रोजी जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायची होती. सकाळी मोठ्या पंपाने पाणी उपसले. तळाशी गुडघाभर गाळाचे पाणी राहिले. ते काढायला एक लहान पंप दोरीने टाकीत सोडला. त्याची वायर पंपरूममधल्या बोर्डात लावलेली होती. वायरीला मध्ये जोड आहे आणि जोडावर काळी टेप आहे. ती टेप सुटत आली आहे हे बुधाने दिवाळीतच दीपेश शेठना दाखवले होते. शेठ तेव्हा बघू म्हणाले होते. अजून बघतच असतील.

सुमारे अकरा चाळीसला पाणी कमी झाल्यावर तो पंप आपोआप थांबला. त्याला गाळ लागला असेल, तो उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायला हवा, असे दीपेश शेठ म्हणाले. बुधाने शिडी लावली. उतरण्याआधी पंपाची वायर हातात धरून त्यांनी विचारले, "शेठ, लाईन बंद हाय ना?" दीपेश शेठ मोबाईलवर बोलत होते. फोन कानाचा न काढता म्हणाले, "बंद आहे रे, उतर." बुधाने परत विचारले, "नक्की ना?" त्यावर शेठ म्हणाले, "किती वेळा सांगू? लाईन बंद आहे, उतर." मी चार पावलांवर बादली घेऊन उभी होते. वॉचमन प्रणित शिडी धरून होता. आम्ही दोघांनी हे कानाने ऐकले.

बुधाने पाण्यात उभे राहून पंप उचलला आणि ते वाकडे होऊन पडले. तोंडातून आवाज आला नाही. प्रणित धावत पंपरूममध्ये गेला आणि त्याने बोर्डाचा खटका पाडला. मग त्याने आणि मी त्यांना वर ओढले. दीपेश शेठ फोन ठेवून म्हणाले, "अरे, लाईन तर बंद होती." त्यांनी बाहेरून टाकीत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह दाखवला. तो खरोखर बंद होता.

आता शेठांचे म्हणणे असे की, मी लाईन बंद आहे म्हणालो ती पाण्याची लाईन, ती बंद होतीच, म्हणजे मी खरे बोललो आणि ही बाई लाईन चालू होती म्हणते ती खोटे बोलते. बुधाने विजेचे विचारलेच नाही, ते स्वतःच्या निष्काळजीपणाने उतरले, असे सोसायटीने लेखी दिले आहे. ते लेखी तसेच राहिले तर गुन्हा कोणावरच नाही आणि चूक एकट्या बुधाची.

त्यावर माझे म्हणणे लिहून घ्यावे. आमच्या वाडीत लाईन गेली म्हणजे वीज गेली. रेशनला लाईन म्हणजे रांग. वीटभट्टीवर बुधा विटांच्या लाईनी लावायचे, त्या ओळी. आगगाडीची लाईन वेगळी, आणि मुलगा वाया जायला लागला की त्याला लाईनवर आणतात ती वेगळी. बुधा अंगठा उठवणारा माणूस, तरी एवढ्या लाईनी त्यांना ओळखता येतात. मग वायर हातात धरून पाण्यात उतरणारा माणूस कोणत्या लाईनीचे विचारतो, हे बारावी पास मॅनेजरला कळले नाही, यावर माझा विश्वास नाही. कळून घ्यायचे नव्हते. फोन महत्त्वाचा होता.

दि. १३ रोजी दीपेश शेठ दवाखान्यात आले. वॉर्डातल्या बायांसमोर मला म्हणाले, "तू प्रणितला लाईन देत उभी होतीस, म्हणून तुझं लक्ष नव्हतं." प्रणित माझ्या थोरल्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. ही लाईन कोणती ते सगळ्या बायांना लगेच कळले. शेठांना शब्द हवा तिथे बरोबर वापरता येतो, एवढेच यातून मला सांगायचे आहे. त्या वेळी बुधाला उजव्या हाताची तीन बोटे काढायला नेले होते.

त्याच संध्याकाळी हेतल मॅडम आल्या. त्यांनी फळे आणली होती. बोलता बोलता एक कागद पुढे केला. वर सोसायटीचे नाव, मध्ये सगळी कोरी जागा, खाली एक रेघ. म्हणाल्या, "ललिता, या लाईनवर सही कर. वरचं आम्ही भरून घेतो." मी विचारले, "वर काय भरनार?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं, तुमची तक्रार नाही एवढंच. अशा गोष्टी आम्हाला तरी कुठे माहीत, ही काय आमची लाईन आहे?" मी म्हटले, "मी कोऱ्या कागदावर सही करनार नाय. आनि बुधाची पन ही लाईन नव्हती मॅडम, तुमी त्याच्या गळ्यात घातली." फळे मी परत दिली. त्यांनी नेली नाहीत, ती खाटेखाली तशीच आहेत.

दि. १४ रोजी बुधा शुद्धीवर आले. नर्सबाई सलाईन लावायला आल्या आणि हात पुढे करा, लाईन टाकते असे म्हणाल्या. बुधाने हात मागे घेतला आणि ते खाटेवरून खाली उतरू लागले. त्यांना दोघांनी मिळून धरले. नर्सबाईंची यात काही चूक नाही. त्यानंतर बुधा मला म्हणाले, "ललिते, माझंच चुकलं. मी लाईन ईचारली, वायर ईचारली नाय." ते दिवसभर हेच बोलतात. मला राग कशाचा येतो विचाराल तर याचा येतो. बोटे गेली त्याची आणि माफी मागतो तोच.

सोसायटी खोटे बोलते याचा पुरावा मी सोबत आणला आहे. दि. १२ रोजी सकाळी लिफ्टशेजारी सभासदांसाठी नोटीस लावली होती, दीपेश शेठांच्या सहीची. ती अशी. "टाकी सफाईसाठी आज सकाळी ११ ते २ पाणीपुरवठा बंद राहील. पाचव्या मजल्यावर हळदीचा कार्यक्रम असल्याने पाहुण्यांच्या सोयीसाठी लिफ्ट व वीजपुरवठा पूर्ण वेळ चालू राहील." म्हणजे काय बंद आणि काय चालू, हे शेठांना सकाळपासूनच माहीत होते. वर राहणाऱ्यांसाठी पाणी आणि वीज असे दोन शब्द होते. टाकीत उतरणाऱ्यासाठी एकच पुरला.

ए विंगची नोटीस दुसऱ्या दिवशी गायब झाली. बी विंगची मी त्याआधी काढून झाडूच्या पिशवीत ठेवली होती. ती आज भावना मॅडम यांच्या ताब्यात दिली असून चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी आहे.

ती चिकटपट्टी मी लावलेली आहे. हे मला कोणी विचारले नाही, तरी लिहावे. दोन्ही विंगच्या नोटिसा मीच चिकटवल्या. चिकटवताना वाचल्या. वीजपुरवठा चालू राहील हे शब्द सकाळी नऊ वाजता माझ्या डोळ्यांखालून गेले आहेत. पावणेबाराला बुधाने विचारले तेव्हा मी चार पावलांवर होते आणि ते शब्द मला आठवले नाहीत. शेठ बंद म्हणाले, म्हणून मीही बंद समजले. सोसायटीला माझी चूक लिहायची असेल तर ही लिहावी. बुधाला हे मी अजून सांगितलेले नाही. आज सांगणार आहे, म्हणजे ते तरी स्वतःला दोष देणे थांबवतील.

माझी तक्रार दीपेश शेठ आणि सोसायटीची कमिटी यांच्याविरुद्ध आहे. पहिल्या जबाबातले माझे वाक्य असे वाचावे. दीपेश शेठ यांना विजेबद्दल विचारले असता त्यांनी बंद आहे असे सांगितले, आणि वीज चालू होती.

भावना मॅडम यांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. जिथे लाईन आले तिथे मी थांबवून पाहिले. मी बोलले तेच लिहिले आहे, कमी नाही, जास्त नाही. सहीसाठी त्यांनी पानाच्या तळाला रेघ मारली आणि म्हणाल्या, "ललिताताई, इथे या लाईनवर करा." मी त्यांना सांगितले की मॅडम, तुमच्यावर संशय नाही, पण मी लाईनवर करणार नाही. सही शेवटच्या शब्दाला चिकटून केली आहे. मध्ये जागा ठेवलेली नाही. ललिता बुधा वाघमारे